देवाचा सभामंडप आणि गावाची सभा

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात, चैत्र सप्ताहाच्या सहाव्या रात्री नव्या सभामंडपात केलेले भाषण. समितीच्या सांगण्यावरून टिपणांच्या आधारे लिहून दिले आहे.)



कीर्तनाला अजून अर्धा-पाऊण तास अवकाश आहे आणि तेवढा वेळ समितीने माझ्या पदरात टाकला आहे. मी विद्वान नाही. शिक्षण म्हणाल तर एस.एस.सी. वडील नोकरीत असताना वारले, त्यांच्या जागी अनुकंपेवर तहसील कचेरीत लागलो, आणि गेली वीस-बावीस वर्षे कारकुनी करतो आहे. त्यातली बरीच वर्षे माझ्या टेबलावर ग्रामपंचायतीच्या निवडणुकांचेच कागद होते. प्रभागरचना, मतदारयादी, आरक्षणाची सोडत, हरकती, अविश्वासाच्या नोटिसा. सोडतीच्या दिवशी लहान मुलाला बरणीतून चिठ्ठी काढायला लावतात ना, ती चिठ्ठी कापून घडी घालणारा मी. तेव्हा देवाधर्माचे बोलण्याचा माझा अधिकार नाही, ते महाराज बोलतील. सरकारी नोकर असल्यामुळे पक्षाचे राजकारणही मला बोलता येत नाही. मला बोलायचे आहे ते गावातल्या संस्था आणि गावाचा कारभार ह्यांच्याविषयी. हा विषय ह्या मंडपात का, असे काहींना वाटेल. पण हा मंडप ज्या आकाराचा झाला आहे, तो त्याच विषयामुळे झाला आहे. ते पुढे ओघाने येईलच.

प्रथम आपल्या गावात संस्था किती, ते मोजून पाहू. ग्रामपंचायत एक. विकास सोसायटी एक. दूध संस्था दोन, कारण एकीचे भांडण होऊन दुसरी निघाली. फाट्यावरची पाणी वापर संस्था. पतसंस्था. शाळा व्यवस्थापन समिती. २००७ सालापासून तंटामुक्त गाव समिती. महिला बचत गट सतरा. गणपती बसविणारी तरुण मंडळे चार. भजनी मंडळ. यात्रा कमिटी. आणि गेली सहा वर्षे ही आपली जीर्णोद्धार समिती. दोन हजार शंभर मतदारांच्या गावात एवढ्या संस्था! बाहेरचा माणूस म्हणेल, गाव फार जागे आहे. आणि ते खोटेही नाही. सोसायटी नसती तर उसाला खत वेळेवर मिळाले नसते. दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या पगारावर जिरायत भागातल्या किती घरांच्या चुली पेटल्या, ते १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्यांना विचारा. ह्या बारामती-इंदापूरच्या मुलखात साखर कारखाने, संघ, सोसायट्या ह्यांनी माणसाला उभे केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु मंडळी, माझा धंदा याद्यांचा आहे, म्हणून मी एक गोष्ट सांगतो ती लक्ष देऊन ऐका. प्रत्येक संस्थेची यादी वेगळी असते. सोसायटीचा सभासद व्हायचे तर मुख्यतः सातबाऱ्यावर नाव लागते. ज्याला जमीन नाही त्याला कर्ज नाही आणि मतही नाही. सातबाऱ्यावर बायकांची नावे किती, हे तुम्ही जाणताच, म्हणजे सोसायटीच्या मतदानाला बायका किती ते वेगळे सांगायला नको. दूध संस्थेत दूध घालणारा. पाणी वापर संस्थेत ज्याचे रान कालव्याच्या भिजीखाली येते तो. नीरा डावा कालवा इंग्रजांनी खोदला तो १८८५ च्या सुमारास, पण त्याने गावाच्या मधोमध जी रेघ ओढली ती आजही पुसलेली नाही. पाटाच्या खाली बागायतदार, पाटाच्या वर जिरायतदार. पाणी वापर संस्थेच्या यादीत पाटाच्या वरचे एकही नाव नाही, असायचे कारणही नाही. जीर्णोद्धार समितीची तर यादीच नसते. ज्याच्या शब्दाला वर्गणी पडते तो समितीत.

गावात अशी एकच यादी आहे की जिच्यात अठरा वर्षांवरील सगळी नावे आहेत. जमीनवाला, बिनजमीनवाला, सासू, सून, पाटाखालचा, पाटावरचा, ओढ्यापलीकडचा, सगळे. ती म्हणजे ग्रामसभेची यादी. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ती ग्रामसभा दिली आणि १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनेतच जागा मिळाली. वर्षातून किमान चार सभा, आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा, असा नियम आहे. आपल्याकडे महिलांची सभा बरीच वर्षे कशी झाली? वहीवर अंगठे आणि सह्या फिरवून. मी कचेरीतला आहे, मला वही ओळखता येते. एकाच शाईत साठ सह्या असल्या की समजायचे, वही घरोघर हिंडली आहे.

आता वाद कोठे सुरू होतो? पूर्वी ग्रामपंचायतीच्या हातात दिवाबत्ती आणि घरपट्टी एवढेच होते, तेव्हा सरपंचपदाला मान होता, माया नव्हती. २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचे पैसे थेट पंचायतीच्या खात्यावर येऊ लागले. पंधराव्यात बंधित आणि अबंधित असे भाग पडले. पाणी आणि स्वच्छतेचे वेगळे, बाकीचे वेगळे. पैसा आला तसे ज्या संस्थांना पंचायतीशी देणेघेणे नव्हते त्यांनाही पंचायत आपल्या कह्यात असावी असे वाटू लागले. सोसायटीचा चेअरमन म्हणतो, सरपंच आमच्या विचाराचा हवा. दूध संस्थेचा म्हणतो, मग उपसरपंच आमचा. तरुण मंडळ म्हणते, गटाराचे काम आमच्या पोराला द्या. आणि हळूहळू असे होते की संस्था चौदा, पण माणसे तीच सहा-सात. सकाळी सोसायटीत चेअरमन, दुपारी शाळेच्या समितीत अध्यक्ष, संध्याकाळी पंचायतीत सदस्य, रात्री देवळात विश्वस्त. एखादा माणूस खरोखर लायक असतो म्हणून चार जागी निवडून येतो, त्याला मी दोष देत नाही. पण सोसायटीच्या कारभाराविरुद्ध गाऱ्हाणे घेऊन पंचायतीत गेलेल्या माणसाला समोर तोच चेहरा दिसला, आणि तेथून उठून तंटामुक्ती समितीत गेला तर तेथेही तोच, तर त्या माणसाने जावे कोठे? तो मग आमच्या कचेरीत येतो. अर्जावर तिकीट लावतो आणि वर्षभर हेलपाटे घालतो.

कायदा करणाऱ्यांनाही ह्यात ठाम उत्तर सापडलेले दिसत नाही. २०१७ साली सरपंच थेट जनतेतून निवडायचे ठरले, २०२० साली ते रद्द होऊन पुन्हा सदस्यांनी निवडायचे झाले, २०२२ साली पुन्हा थेट. आमच्या शाखेत छापील नमुन्यांचे गठ्ठे प्रत्येक वेळी रद्दीत गेले. थेट सरपंच असला की त्याला सदस्य जुमानत नाहीत, आणि सदस्यांतून असला की तो चार सदस्यांच्या मुठीत असतो. थेट निवडलेल्या सरपंचाला काढायचे तर सदस्यांचा ठराव पुरत नाही, तो ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला न्यावा लागतो, एवढे मात्र मला त्या कायद्यात बरे वाटले.

खरे म्हणजे वाटून घेणे आपल्याला येत नाही असे नाही. तुकोबारायांची पालखी आपल्या भागातून जाते तेव्हा पाहा. काटेवाडीत परीट समाज पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढपाळ आपल्या मेंढ्यांचे रिंगण घालतात. बेलवाडीत गोल रिंगण होते. कोणी म्हणत नाही की पायघड्या आम्हीच घालणार आणि मेंढ्याही आमच्याच. आपल्या यात्रेतही काठीचा मान एकाचा, पालखीच्या दांडीचा दुसऱ्याचा, नगाऱ्याचा तिसऱ्याचा, छबिन्याच्या मशालीचा चौथ्याचा. प्रत्येकाचा वाटा ठरलेला आणि प्रत्येकाची हद्दही ठरलेली. जुन्या लोकांनी हे फार विचाराने केलेले आहे. मात्र त्यातली उणीवही सांगितली पाहिजे. मान वंशाने येतो. ज्यांच्या आज्याला मान नव्हता त्यांच्या नातवालाही तो नाही, आणि बाईला तर कोठेच नाही. म्हणून यात्रेची घडी जशीच्या तशी उचलून पंचायतीत बसविता येणार नाही.

आता आपल्या मंडपाकडे येतो.

पळसदेवला ज्यांनी जुने देऊळ पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की उजनीचे पाणी फार खाली गेले की पळसनाथाचे शिखर आणि दगडी भिंती उघड्या पडतात. १९८० साली धरण पूर्ण झाले, गावे वर सरकली. त्या पुनर्वसित गावठाणांचे नकाशे मी कचेरीत पाहिले आहेत. शाळा, चावडी, देऊळ, रस्ता, ज्याची त्याची जागा कागदावर वेगळी आखलेली. आपले गावठाण जुने. येथे देऊळ, पार, चावडी, नळकोंडाळे, बैलगाड्या सोडायची जागा सगळे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले. कोणाची हद्द कोठे संपते हे कोणी विचारले नव्हते, कारण विचारायची गरज पडली नव्हती.

२०१९ साली आपण जीर्णोद्धार हाती घेतला. वर्गणीचा निर्णय असा झाला की पाटाखालच्यांनी उसाच्या बिलातून टनामागे कपात द्यायची आणि पाटावरच्यांनी व बिनजमीनवाल्यांनी घरटी ठराविक रक्कम द्यायची. समिती अकरा जणांची झाली. ती अकराही माणसे पाटाखालची. कोणी मुद्दाम केले नाही, ज्याच्या घरी मोटारसायकली उभ्या असतात त्याच्या ओसरीवर बैठक झाली आणि जे आले ते समितीत गेले. पुढे करोनाचे दिवस आले. ग्रामसभा भरेनात, काम थांबले. २०२१ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाले तेव्हा कोणाच्या तरी मनात आले की सभामंडप पूर्वेच्या बाजूला वाढवावा. बारशे, साखरपुडे, सप्ताहाची पंगत, सगळे त्यात होईल. विचार चांगला होता. पण पूर्वेची जागा देवळाची नव्हे, पंचायतीची. तेथे नळकोंडाळे, आणि त्याच्या कडेने ओढ्यापलीकडच्या वस्तीत जाणारी पायवाट. वस्तीत बौद्ध आणि मातंग समाजाची मिळून चौतीस घरे.

समितीने रात्री देवळात बसून निर्णय घेतला. पंचायतीच्या नऊ सदस्यांतले तीन समितीतही होते. त्यांनी मासिक सभेत ठराव मांडायचे ठरविले आणि ठरावाचा मसुदा लिहून द्यायला माझ्याकडे आले. गावचा माणूस, कचेरीतला, देवाचे काम. मी नाही म्हणालो नाही. रविवारी सकाळी चहा घेत घेत मी मसुदा लिहिला. त्यात एक वाक्य असे होते: 'सदरहू जागा मोकळी व वापरात नसलेली असल्याने ती मंदिराचे सभामंडपास वापरणेस ग्रामपंचायतीची हरकत नाही.' वापरात नसलेली! त्या नळावर मी लहानपणी आईबरोबर घागर घेऊन उभा राहिलो आहे. लिहिताना हात अडखळला नाही. मसुद्याची एक सवय असते, जे शब्द फाइल पुढे ढकलतात ते लेखणीतून आपोआप उतरतात.

ठराव बहुमताने झाला. आता सरपंचाची सही. आपल्या सरपंचताई त्या वेळी पदावर येऊन वर्ष होत आले होते. पद महिला राखीव होते. २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या झाल्या तरी सहीपुरत्या बाई आणि कारभाराला घरधनी, ही रीत गावोगाव आहे. आपल्याकडेही मंडळी ताईंच्या घरी गेली ती त्यांच्या यजमानांना भेटायला. यजमान म्हणाले, "सही तिची हाय, तिलाच इचारा." ताईंनी कागद वाचून घेतला आणि म्हणाल्या, "नळ वापरात न्हाई असं कुणी लिहिलं? मी सकाळीच तिथनं आले." आणि हा विषय ग्रामसभेत घ्या, असे सांगून कागद परत दिला.

त्यानंतरचे दोन महिने गावात फार वाईट गेले. देवाच्या कामात बाईने खोडा घातला, असे पारावर उघड बोलले गेले. ग्रामसभेची नोटीस लागली. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, ह्यांपैकी जे कमी ते. आपल्या गावाला शंभर माणसे लागतात. आली एकसष्ट. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ही गोष्ट सामान्य माणसाला माहीत नसते, पण ज्यांना ठराव करून घ्यायचा असतो त्यांना पक्की माहीत असते. पहिल्या सभेला माणसे येऊ द्यायची नाहीत आणि दुसरीला आपलीच तीस आणायची. मी किती गावांच्या कागदांत हे पाहिले आहे! आपल्याकडेही तेच व्हायचे.

झाले नाही ते बचत गटांमुळे. तहकूब सभेच्या आदल्या दिवशी महिलांची बैठक ठेवली होती. सतरा गटांच्या बायका मासिक हप्त्याच्या निमित्ताने एकत्र येतातच, त्या सगळ्या शाळेच्या व्हरांड्यात जमल्या. पाटाखालच्याही आल्या, कारण उन्हाळ्यात घरच्या नळाला पाणी नसले की त्याही त्याच कोंडाळ्यावर उभ्या राहतात. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेला दोनशे चाळीसवर माणसे होती आणि त्यांत निम्म्याहून अधिक बायका. वस्तीतल्या एक वयस्क मावशी उठल्या. त्या एवढेच म्हणाल्या, "देवाला जागा द्या, आमचं काय म्हणणं न्हाई. पर हंडा घिऊन आमी जायाचं कुठनं, ते बी ठरावात लिवा."

तेव्हा एका समिती सदस्याने विचारले, वर्गणी दिली कोणी आणि बोलतेय कोण? ते मला सहन झाले नाही. पावती पुस्तके माझ्याच ताब्यात होती. मी उभा राहून सांगितले की चौतीस घरांपैकी एकोणतीस घरांच्या पावत्या फाटलेल्या आहेत, आणि पायाच्या खोदाईला आठ दिवस श्रमदान त्याच वस्तीतल्या पोरांनी केले आहे. मग उभा होतोच, तर तेही सांगून टाकले की 'वापरात नसलेली' हे शब्द माझे आहेत, ते खोटे आहेत, आणि मी ते माझ्या हाताने लिहिले आहेत. सभा थोडा वेळ गप्प झाली. घरी गेल्यावर बायको म्हणाली, सांगायची काय गरज होती? गरज होती असे मला आजही वाटते. आणि उशिरा सांगितले, असेही वाटते.

कायद्याचा भागही सांगणे भाग होते. पंचायतीची जागा कोणाला देऊन टाकायची तर नुसता मासिक सभेचा ठराव चालत नाही, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. सार्वजनिक जागेवर धार्मिक बांधकाम नव्याने उभे करू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ सालचा आदेश आहे, आणि गावाच्या सामाईक जमिनी राखण्याविषयी २०११ सालचा निकालही आहे. शिवाय सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा पंचायत सदस्य अपात्र ठरतो. म्हणजे ज्या तिघांनी हौसेने ठराव मांडला होता त्यांचेच पद धोक्यात आले असते. हे ऐकल्यावर मात्र आवाज बराच खाली आला.

शेवटी मंडप पूर्वेला वाढवायचा नाही, जुन्या हद्दीतच घ्यायचा आणि उत्तरेच्या पायऱ्या मोडून तिकडे थोडी जागा काढायची, असे ठरले. गवंडी कुरकुरला, कारण दोन कॉलमचे खड्डे खोदून झाले होते. ते बुजवावे लागले. नळकोंडाळे राहिले, वाट राहिली, पुढे पंचायतीने त्या वाटेवर फरशीही टाकली. समितीतल्या दोघांनी राजीनामे दिले. एका देणगीदारांनी महाद्वाराची रक्कम देण्याचे कबूल केले होते, ती त्यांनी मागे घेतली. तुम्ही आत येताना पाहिले असेल, शिखर रंगवून झाले, गाभाऱ्यात संगमरवर लागला, पण महाद्वार अजून विटांचेच आहे. काही जणांना त्या विटा पाहून वाईट वाटते. मलाही वाटते, पण रोज सकाळी त्या विटांच्या शेजारून हंडे जातात तेही दिसते. रिकाम्या जागा भरायला समितीत मग वस्तीतले एक आणि पाटावरचे एक असे दोन जण घेतले, आणि भिशी चालविण्यात तरबेज असलेल्या एका बचत गटाच्या अध्यक्षांकडे दर महिन्याचा हिशेब तपासायचे काम दिले. तेव्हापासून जमाखर्च उत्तरेच्या खांबावर चिकटविला जातो. सिमेंटच्या पोत्यांची संख्या वाचायला लोक थांबतात, हे पाहून मला मौज वाटते.

ह्यातून कोणी असा अर्थ काढू नये की देवळाच्या समितीने गावाच्या भानगडीत पडूच नये. पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीची सुरुवात देवळापासूनच झाली. सैन्यातून परत आलेल्या अण्णा हजारे ह्यांनी १९७५ साली संत यादवबाबांच्या मोडक्या देवळाची दुरुस्ती स्वतःचे पैसे घालून केली. त्या देवळाची लाकडे दारूच्या भट्ट्यांना गेली होती, अशी तेथली अवस्था होती. देऊळ उभे राहिले तसे लोक तेथे जमू लागले, आणि त्या जमण्यातून दारूबंदी, बांध, पाणी सगळे निघाले. देवळाने माणसे एकत्र आणण्याचे काम केले. पण माझे मत विचाराल तर एका थोर माणसाच्या शब्दावर चालणाऱ्या गावापेक्षा मला त्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची रीत अधिक जवळची वाटते. १९८९ साली पोपटराव पवार तेथे बिनविरोध सरपंच झाले आणि २६ जानेवारी १९९० च्या ग्रामसभेपासून तेथला कारभार सभेत बसून ठरू लागला. पाऊस किती झाला, पाणी किती आहे, पीक कोणते घ्यायचे, ह्याचा ताळेबंद गावापुढे मांडला जातो. शेतीला बोअर नाही असे ठरले ते सगळ्यांना लागू. आपल्या ऊसवाल्यांना हे ऐकून ठसका लागेल, पण तेथे विहिरीचा मालक आणि हंड्याची मालकीण एकाच सभेत बसून बोलतात, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आणि तिकडे गडचिरोलीत धानोरा तालुक्यात लेखा-मेंढा म्हणून गोंडांचे छोटेसे गाव आहे. तेथे बहुमताने निर्णय घेतच नाहीत. सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बसतात, नाही झाले तर पुन्हा बसतात. विषयाचा अभ्यास करणारा गट वेगळा ठेवतात. तो गट माहिती गोळा करतो, निर्णय मात्र ग्रामसभा घेते. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचे नाव आहे. आपल्या दोन हजार मतदारांच्या गावात एकमत होईपर्यंत बसायचे म्हटले तर ऊस वाळून जाईल. परंतु अभ्यास एकाचा आणि निर्णय सर्वांचा, एवढे जरी आपण उचलले तरी पुष्कळ झाले. सोसायटीने शेतीविषयी बोलावे, बचत गटांनी पाण्याविषयी, तरुण मंडळांनी मैदानाविषयी, समितीने देवळाविषयी. जोरात बोलावे, कागद घेऊन बोलावे. कारण उलटा धोकाही मी पाहिला आहे. एका गावात पंचायतीने सगळी मंडळे आपल्या खिशात घातली, बचत गटांना कर्जाच्या शिफारशीसाठी सरपंचाच्या दारात बसविले. तेथे पाच वर्षे एकही तक्रार अर्ज आमच्याकडे आला नाही, आणि साहेब म्हणाले, आदर्श गाव दिसते! पुढे तेथले दफ्तर तपासायची वेळ आली तेव्हा काय निघाले ते मी येथे सांगत नाही. आपल्याकडे सरपंचताई एकट्या असत्या तर त्यांचे काही चालले नसते, आणि बायका जमल्या तरी त्यांना बसायला ग्रामसभा नसती तर त्या पारावरच आरडाओरडा करून घरी गेल्या असत्या.

उद्या कलश चढेल. त्यानंतर समितीचे काय, हा प्रश्न उरतो. देवस्थान न्यास सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, हिशेब दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. तो आपण तीन वर्षे दिलेला नव्हता, आता दिला आहे. जीर्णोद्धार समिती मात्र बांधकामापुरती होती. काही जणांचे म्हणणे असे पडले की ही समिती चांगली चालली आहे, तर हिलाच पुढे यात्रा, पाणी, रस्ते सगळे पाहू द्यावे. माझी हात जोडून विनंती आहे की तसे करू नये. पुढच्या पंचायत निवडणुकीला समितीचे पॅनेल उभे करण्याची कुजबुजही माझ्या कानावर आली आहे. निवडणूक लढविण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, परंतु ती भैरवनाथाच्या पावती पुस्तकावर लढवू नये. ज्याने देवासाठी पाचशे रुपये दिले त्याने कोणाच्या पॅनेलला मत कबूल केलेले नाही.

समितीकडे आजच्या हिशेबाप्रमाणे दोन लाख अकरा हजार चारशे रुपये शिल्लक आहेत. कोणी म्हणतात महाद्वार पुरे करा. कोणी म्हणतात यात्रेच्या वेळी बायकांची फार कुचंबणा होते, शौचालये बांधा. वस्तीतल्या मंडळींनी ओढ्याच्या वाटेवर दिवे मागितले आहेत. ते काम वास्तविक पंचायतीचे आहे, देवाच्या पैशातून करण्याचे नव्हे, आणि तसे मी त्यांना सांगितले आहे. पैसे न्यासाचे, म्हणून अखेरचा निर्णय विश्वस्तांनीच घ्यायचा. पण तो घेण्याआधी गावाचे म्हणणे ऐकायचे, असे समितीने मान्य केले आहे. त्यासाठी १ मेच्या ग्रामसभेत हा विषय सातव्या क्रमांकावर घेतला आहे, आणि दिव्यांचा विषय आठव्या. नोटीस सात दिवस आधी चावडीवर आणि ह्या उत्तरेच्या खांबावर लागेल, दवंडीही देतील. महिलांची सभा आदल्या दिवशी दुपारी तीनला शाळेत आहे. वही घरोघर फिरणार नाही, जिला सही करायची तिने तेथे यायचे.

ग्रामसभा झेंडावंदनानंतर साडेनऊला शाळेच्या पटांगणात भरेल. उन्हाचे दिवस आहेत, म्हणून मांडवाचे कापड आणि सतरंज्या येथूनच न्यायच्या आहेत. तरुण मंडळाने सप्ताह संपल्यावर त्या परत भाड्याच्या गाडीत घालू नयेत, दोन आठवडे येथेच राहू द्याव्यात. महाराज आलेले दिसतात. माझे बोलणे येथेच थांबवतो.